जुना कॉर्डलेस फायबरच्या लँडलाइनला लावायचा की सरळ नवा घ्यायचा?

नाशकात आता कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत घरोघर फायबर आलंय, आणि त्याच्यासोबत लँडलाइन मिळतेच म्हटल्यावर प्रश्न येतो तो आई-बाबांच्या जुन्या कॉर्डलेसचा, तो फायबरच्या नव्या डब्याला (मोडेमला) चालेल की एमजी रोडला जाऊन दुसरा आणायचा. माझं मत आधीच सांगतो, बहुतेक घरात जुनाच चालतो. फक्त तो कुठल्या जातीचा आहे ते बघा.

कारण फोनला मागे काय बदललंय ते कळतच नाही. फायबरच्या डब्याला फोनची बारीक पिन बसेल असं पोर्ट असतं, डायल टोन तो डबाच बनवून देतो, घंटीही तोच वाजवतो.

आता तुमचा फोन लांब अँटेना ओढायचा नव्वदच्या दशकातला असेल तर सोडा त्याला. ते अॅनालॉग असतात, आवाजात खरखर, आणि शेजारच्याकडे तसलाच सेट असेल तर तुमचं बोलणं त्याच्या घरात. त्यातही काही पल्स डायलिंगवर (नंबर टक-टक करत लावायची जुनी पद्धत) असतात आणि बरेचसे फायबरचे डबे पल्स ओळखतच नाहीत, म्हणजे फोन येतो पण लागत नाही. बेसखाली (हँडसेट ठेवतो तो भाग) टोन-पल्सचं बटण असलं तर टोनवर करून बघा. त्यानंतर आले 2.4 गिगाहर्ट्झवाले, ते लागतात नीट पण वायफायही त्याच पट्ट्यात, त्यामुळे इकडे आत्याचा फोन सुरू आणि तिकडे पोरांचा व्हिडिओ अडकतोय असं होऊ शकतं. राउटर 5 गिगाहर्ट्झवर घेतला तर निभतं.

डेक्ट (DECT, डिजिटल कॉर्डलेसचं तंत्र) लिहिलेला असेल तर मात्र अजिबात टाकू नका. तो आपल्याकडे 1880 ते 1900 मेगाहर्ट्झवर चालतो, वायफायशी भांडण नाही. दुकानातल्या बऱ्याच नव्या सेटमध्येही आत तेच तंत्र आहे, मग पैसे कशाला? जुना डेक्ट 'खराब झाला' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा नुसते सेल गेलेले असतात. एनआयएमएच (NiMH) लिहिलेले रिचार्जेबल ट्रिपल ए घाला, घड्याळाचे साधे सेल चुकूनही नको, चार्जिंगला लागले की ते गळतात किंवा फुगतात. नव्या सेटपुढे हा खर्च किरकोळ.

एक अपवाद, अमेरिकेतून मुलाने आणलेला सेट. त्यावर डेक्ट 6.0 लिहिलेलं असतं, तो 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवाला, आणि तो पट्टा आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा आहे. वर अॅडॉप्टर 120 व्होल्टचा, आपल्या 230 ला लावला तर संपलाच. कितीही भारी दिसला तरी नाही लावायचा.

पंचवटीतल्या जाड भिंतींच्या वाड्यात राहत असाल तर रेंजचा विचार करावा लागतो. फोनच्या खोक्यावर इनडोअर 50 मीटर लिहिलेलं असतं, पण ते अशा भिंती धरून नसतं. अशा वेळी फायबरचा डबा एका खोलीत आणि कॉर्डलेसचा बेस मधल्या खोलीत हवा असतो, त्यासाठी घरातली जुनी फोनची वायर वापरता येते. पण बाहेरून येणारी तांब्याची लाइन आधी पूर्ण तोडून घ्या, नीट ऐका, आधी. ती जिवंत राहिली तर एक्सचेंजचे 48 व्होल्ट आणि घंटीचा त्याहून जास्त दाब उलटा डब्यात शिरतो आणि पोर्ट जळू शकतं.

लाईट गेल्यावर काय, हा खरा फरक. तांब्याच्या लाइनला करंट एक्सचेंजमधून यायचा म्हणून साधा वायरवाला फोन अंधारातही चालायचा. (कॉर्डलेस तेव्हाही बंदच पडायचा, ते लोक विसरतात.) फायबरमध्ये डबा बंद तर फोन बंद. कॉर्डलेस ठेवायचा तर डबा आणि बेस दोन्हीला बॅकअप हवा, आणि छोटा यूपीएस घेताना दोघांचे व्होल्ट वेगळे असतात ते अॅडॉप्टरवर वाचून घ्या. साधा वायरवाला लावला तर फक्त डब्याला बॅकअप पुरतो, कारण फोनला लागणारा करंट डब्याच्या पोर्टातूनच मिळतो. घरी एकटं म्हातारं माणूस असेल तर मी कॉर्डलेसच्या जोडीला हा एक ठेवीनच.

जिओचं कनेक्शन असेल तर जिओजॉइन अॅपवर लँडलाइनचा नंबर मोबाइलवर घेता येतो, मग फोन संचच नको. तरुण घराला ठीक. ज्यांना स्क्रीनवर बोट नीट टेकवता येत नाही त्यांना बटणंच बरी.

लावल्यावर येणाऱ्या फोनचा नंबर दिसत नसेल तर घाबरू नका, कॉलर आयडीच्या दोन पद्धती आहेत, एफएसके आणि डीटीएमएफ, फोनच्या मेन्यूत बदलून बघा. आणि फोनबुकमधले मोबाइल नंबर तपासा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं, जुन्या हँडसेटमध्ये साठवलेले नंबर बिनशून्याचे असतात, ते लागत नाहीत आणि शिव्या बिचाऱ्या फोनला बसतात.