पोस्टग्रेस की मायएसक्यूएल : नागपुरात डेटाबेस शिकणाऱ्यासाठी

गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये काम करू इच्छिणारे विद्यार्थी आधी कोणता डेटाबेस शिकावा असे विचारतात, तेव्हा मी पोस्टग्रेसचे नाव घेतो.

मायएसक्यूएल १९९५ पासून आहे, वेब होस्टिंगवर सहज मिळतो आणि वर्कबेंच या त्याच्या दृश्य साधनामुळे पहिली टेबले लवकर उभी राहतात. २०१० पासून त्याची मालकी ओरॅकलकडे आहे. पोस्टग्रेसचे मूळ बर्कली विद्यापीठातील १९८६ च्या प्रकल्पात असून तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही.

खरा फरक चूक झाल्यावर कळतो. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणाऱ्या बहुतेक आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गटाच्या, आत चालतात, त्यामुळे स्क्रिप्ट मध्येच अडली तर रोलबॅक करून सर्व पूर्ववत करता येते. मायएसक्यूएलमध्ये मात्र ऑल्टर टेबल ही रचना बदलणारी आज्ञा देताच चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट, म्हणजे कायम, होते. अर्धवट बदललेली रचना हाताने दुरुस्त करत एकदा पहाटेपर्यंत बसल्यापासून पोस्टग्रेसचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. रकान्यात कोणती मूल्ये चालतील हे ठरवणारी चेकची अटसुद्धा मायएसक्यूएल ८.०.१६ पूर्वी स्वीकारत असे, पण पाळत नसे.

पोस्टग्रेसमध्ये बदललेल्या ओळींच्या जुन्या आवृत्त्या टेबलातच साठतात, म्हणून त्या साफ करणारी व्हॅक्यूम ही प्रक्रिया समजून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मायएसक्यूएलचे डेटा साठवणारे इनोडीबी हे इंजिन जुन्या आवृत्त्यांसाठी अनडू लॉग ही वेगळी नोंद वापरते.

दोन्हींचे अधिकृत दस्तऐवज मोफत आहेत, मात्र पोस्टग्रेसचे मला अधिक सलग वाटतात. महागड्या वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी त्यांतील आरंभीचा शिकवणीचा भाग स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहावा.