अकिहाबाराचा राइस कुकर, आठ महिन्यांनी: सगळा घोळ दहा व्होल्टांचा

परवा जपानी राइस कुकरच्या ट्रान्सफॉर्मरमधून जळक्या वार्निशचा वास आला आणि घरातली लाइट गेली. कुकर वाचला. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

टोकियोला गेलो की अकिहाबारा, तिथला विजेच्या वस्तूंचा आणि ॲनिमेचा (जपानी कार्टूनचा) बाजार, चुकत नाही. भाची ॲनिमेसाठी आलेली, मी विजेच्या वस्तूंसाठी. रेडिओ काइकान नावाच्या इमारतीत लोक काचेचे कप्पे भाड्याने घेऊन आपापल्या जुन्या फिगर, म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांच्या बाहुल्या, विकायला ठेवतात, तिथे ती दीड तास हलली नाही. नाणं टाकलं की खेळणं देणाऱ्या गाचापॉनच्या यंत्रांत माझी 100 येनची नाणी किती गेली ते विचारू नका. मी तोवर रेल्वेच्या रुळांखालच्या रेडिओ सेंटरमध्ये. समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं असल्या बोळी. एका गाळ्यात नुसते स्विच, शेजारी नुसत्या वायरी. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांचा काळा बाजार भरायचा, त्याचीच ही पिलावळ. आपला मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको.

कुकर मात्र मोठ्या दुकानातून घेतला. विक्रेत्याने विचारलं, "इंडो?", म्हणजे भारत का? मी मान हलवली. जपानात वीज 100 व्होल्टची, आपली त्याच्या दुपटीहून जास्त. त्याने कागदावर 100 लिहून दोन्ही हातांची फुली केली आणि मला परदेशी मॉडेलांच्या रांगेकडे नेलं. तिथे 220 व्होल्टचा, जवळजवळ तसाच कुकर 8,000 येनने महाग. म्हणजे आपले साडेचार हजार! मी हसून 100वालाच उचलला. पासपोर्ट दाखवल्यावर 10 टक्के करही वगळला, त्यामुळे तर स्वतःवर फारच खूश होतो.

मुंबईत, आपली वीज 100 व्होल्टवर उतरवायला, 2,800 रुपयांना "1000 वॉट"चा ट्रान्सफॉर्मर घेतला. कुकर 650 वॉटचा, त्यामुळे निर्धास्त. पण भाताच्या बुडाला रोज खरवड. पाणी वाढवलं, तांदूळ बदलला, बायकोशी वाद घातला. महिन्याभराने मीटर लावला तर आउटपुट 110! आपल्याकडचे बहुतेक स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारे) ट्रान्सफॉर्मर अमेरिकी वस्तू डोळ्यांसमोर ठेवून बनवतात. दहा व्होल्ट म्हणजे किरकोळ वाटतं, पण उष्णता वाढते व्होल्टेजच्या वर्गाने: 1.1 गुणिले 1.1, म्हणजे 21 टक्के जास्त. 650चे 786 वॉट झाले. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं चालतं." चाललं, परवापर्यंत. आत उघडून पाहिलं तर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. 1000चा आकडा फक्त स्टिकरवर.

आता एका वाइंडिंगवाल्याकडून तांब्याचा, बरोबर 100 व्होल्टचा करून घेतला. 4,200 रुपये, आणि उचलताना कंबर धरते. म्हणजे साडेचार हजार वाचवायला सात हजार घातले. हे वाक्य बायकोने वाचू नये.

खरं तर इथे कुकरला शिव्या घालून थांबणार होतो. पण नव्या ट्रान्सफॉर्मरवर पहिल्यांदा आंबेमोहोर लावला आणि गप्प बसलो. शीत न् शीत अख्खं, तरी मऊ, आणि खरवड औषधालाही नाही. पाऊण तास लागतो, घाईच्या लोकांनी फिरकू नये. इंद्रायणीला पाणी खुणेपेक्षा किंचित कमी घाला. सोबतचं माप 180 मिलिलिटरचं असतं, आपली वाटी घेतलीत तर आतल्या खुणांचा उपयोग नाही. ओकायुच्या (जपानी पेजेच्या) बटणावर सासूबाईंचा गुरगुट्या भात फर्मास होतो. सगळी बटणं जपानीत, भाचीने मराठी चिठ्ठ्या चिकटवल्यात.

तर घ्यायचाच असेल तर 220वाला घ्या, त्या माणसाने हातांची फुली उगाच केली नव्हती. टोकियोची वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची, म्हणून घोळ निदान व्होल्टेजपुरताच राहिला.

नवा ट्रान्सफॉर्मर घुमतो, तेवढी एक कटकट आहे. भाचीने त्याच्यावर रेडिओ काइकानची एक फिगर उभी केली आहे. भात लावला की ती थरथरत हळूहळू भिंतीकडे तोंड करते.