आधी जंतू वाचावेत की प्रतिकारशक्ती? बारावीनंतरच्या मोकळ्या दोन महिन्यांसाठी

नर्सिंग, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), फिजिओथेरपी, नाहीतर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी. याद्या लागेपर्यंत सोलापूरच्या उन्हात घरी बसलेल्या बऱ्याच जणांना पुढे मायक्रो (जंतूंचा अभ्यास) आणि इम्युनो (प्रतिकारशक्तीचा अभ्यास) असे दोन्ही विषय भेटणार आहेत, बहुतेकदा एकाच पेपरात. पुस्तकांत कधी जंतू आधी असतात, कधी प्रतिकारशक्ती. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी जंतूंपासून सुरुवात करावी. अपवाद पुढे येतील.

जंतूंचा मोठा फायदा म्हणजे ते दिसतात. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखण्याची पद्धत, 1884 ची, पण आजही लॅबमध्ये दिवसाची सुरुवात त्यानेच होते. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. जाड भिंतीचे जंतू जांभळे राहतात, पातळ भिंतीचे रंग सोडतात आणि गुलाबी होतात. हा क्रम एकदा स्वतः केला की पाठ करावा लागत नाही. वाढीचा वेगही असाच डोक्यात बसतो. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून लघवीच्या कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याचा) रिपोर्ट एक-दोन दिवसांत मिळतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात, म्हणून घन माध्यमावर त्याची वाट कित्येक आठवडे बघावी लागते. आपली कडक भाकरी महिना-महिना टिकते, त्याचं कारणही याच प्रकरणात आहे: पाणी नाही तर वाढ नाही. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर आरोग्यसेवक पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी) करत फिरतात, ती कशासाठी, हेही इथेच कळतं.

तोटा एकच, नावं. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकसमध्ये महिनाभर गोंधळ होतो. होऊ द्या. पहिल्या फेरीत दहा-बारा जंतू पुरे. पुस्तकाच्या शेवटची परजीवींची लांबलचक यादी तूर्त विसरा.

इम्युनोचं उलट आहे. मूळ कल्पना मोजक्याच: ओळखणं, हल्ला करणं, लक्षात ठेवणं. बारावीच्या जीवशास्त्रात त्या येऊन गेल्यात, वाय आकाराची अँटीबॉडीही काढून झालीय. पण दाखवायला काही नसतं. सीडी-4, सीडी-8 अशा पेशी, क्रमांक लावलेली इंटरल्युकिन्स (पेशींचे निरोप नेणारी प्रथिनं), आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रथिनांच्या साखळीच्या पानावर तर चांगली चांगली मुलं पुस्तक मिटतात. समोर शत्रू माहीत नसताना सैन्याची रचना पाठ करण्यासारखं होतं ते.

तरी ते मागे ठेवून चालत नाही, कारण रोजचे निम्मे रिपोर्ट त्यावरच उभे असतात. टायफॉइड घ्या. ताप आला की गल्लीतल्या लॅबमध्ये विडाल करायची आपल्याकडे सवय आहे. विडाल जंतू शोधत नाही, जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी मोजते. त्या साधारण दुसऱ्या आठवड्यात नीट वाढतात. शिवाय पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही रक्तात असू शकतात. त्यामुळे एकाच नमुन्यावरची 'पॉझिटिव्ह' विडाल फारसं सांगत नाही. सात-दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली तर तिला अर्थ येतो. ब्लड कल्चर थेट जंतू वाढवतं आणि पहिल्या आठवड्यात ते मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, मात्र अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घ्यायला हवं. फक्त मायक्रो वाचलेल्याला विडाल कळत नाही, फक्त इम्युनो वाचलेल्याला कल्चर. तरी माझ्या मते कल्चर आधी समजलेलं बरं. खरा जंतू कसा सापडतो हे माहीत असलं की अप्रत्यक्ष पुराव्यावर किती विसंबायचं ते आपोआप कळतं.

डेंग्यूचंही तसंच. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात घरोघरी पिंपं भरलेली असतात आणि एडिस डासाची सोय होते. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन हा विषाणूचाच भाग शोधतात, त्यानंतर आयजीएम, म्हणजे आधी तयार होणारी अँटीबॉडी. 'काल निगेटिव्ह, आज पॉझिटिव्ह कसं?' असं नातेवाईक विचारतात, तेव्हा उत्तर या दिवसांच्या हिशेबात असतं.

आता अपवाद. रक्तपेढीत काम करायचं पक्कं असेल तर इम्युनोपासून सुरू करा. लँडस्टायनरने 1901 मध्ये मांडलेले रक्तगट, अँटी-ए, अँटी-बी या अँटीबॉडी, क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते बघणं), यासाठी जंतूंची ओळख फारशी लागत नाही. लसीकरणाकडे जाणाऱ्या नर्सिंगच्या मुलींनीही लसीच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसला शरीर देतं ती प्रतिक्रिया आधी वाचावी. दुसऱ्या डोसला अँटीबॉडी लवकर आणि जास्त का तयार होतात, हे आईला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. फिजिओथेरपीवाल्यांना दोन्ही थोडंच लागतं, पण एक आजार त्यांना नक्की भेटेल.

तो म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, यात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर हल्ला करते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली आणि तिच्यातला पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात नोंदला गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू मिळाला. त्याच्या आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखा असतो. जुलाब थांबतात, पण जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी मज्जातंतूंवर तुटून पडतात आणि दोनेक आठवड्यांत पाय लुळे पडू लागतात. त्या टप्प्यावर अँटिबायोटिकने लकवा मागे फिरत नाही. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेल्या अँटीबॉडी) किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि पुढे महिनोन् महिने फिजिओथेरपी. हे प्रकरण पहिल्या महिन्यात उघडू नका. पाच-सहा जंतू आणि अँटीबॉडीचे पाच प्रकार झाले की मग घ्या, तेव्हा ते एका बैठकीत वाचून होईल.