दोन दाढा, साडेआठ महिने आणि एक स्कूटर : इम्प्लांटचा माझा अनुभव

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दाताची कॅप लावतात, ते मी दोन दाढांचं केलं. आधीच सांगतो, दवाखान्याचं नाव टाकणार नाही. नाव टाकलं की लोक म्हणतात पैसे घेऊन लिहिलं, आणि मला खाली त्यांच्या तक्रारी पण लिहायच्यात. सोलापुरातलाच आहे, त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला पळायला लागलं नाही एवढं बस्स.

वय 54, नवी पेठेत कापड दुकानात कामाला, दिवसभर बोलणं. खालच्या डावीकडच्या दोन दाढा गेलेल्या, एक 2016 ला, रूट कॅनल केलेली होती तरी उभी चिरली, दुसरी 2021 ला हलून हलून. तंबाखू होता तेव्हा, लपवत नाही. तेव्हापासून सगळं उजवीकडनं चावायचं. सोलापुरात राहून कडक भाकरी आमटीत भिजवून लगदा करून खायची म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत, शेंगा चटणीचं तर नावच काढायचं नाही, कूट जाऊन बरोबर त्या खड्ड्यात बसायचं.

पहिल्यांदा गेलो ते दुसऱ्याच ठिकाणी, बाहेर मोठा बोर्ड, तीन दिवसात फिक्स दात. तिथं एक साधा एक्सरे काढला आणि म्हणाले सोमवारी या, गुरुवारी भाकरी खा. शुगर आहे का, गोळ्या कोणत्या चालू, तंबाखू खाता का, काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की ईएमआय करणार का कॅश. नंतर कळलं की लगेच दात बसवायची पद्धत खोटी नाहीये, हाड चांगलं असेल आणि स्क्रू घट्ट बसला तर करतात, पण माझ्यासारख्या शुगरवाल्याला न विचारता तारीख देणं मला पटलं नाही, उठून आलो.

मग पावण्यांनी सांगितलं म्हणून ह्या दवाखान्यात. मॅडम तरुण आहेत, माझ्या पुतणीच्या वयाच्या, पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काका, आधी तीन महिन्याची साखर बघून या, मग दाताचं बोलू." रिपोर्ट आला 8.9. मॅडमनी फाईल बंद केली. म्हणाल्या साडेसातच्या खाली आणा आणि तंबाखू पूर्ण बंद, नाहीतर हाड स्क्रूला धरणार नाही, तुमचे पैसे जातील आणि माझं नाव. खरं सांगतो, राग आला होता, गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात बघितला नाही. ऑगस्ट ते डिसेंबर त्यातच गेले. साखर 7.2 वर आली. तंबाखू सुटला, म्हणजे दोनदा परत चालू होऊन तिसऱ्यांदा सुटला.

मधल्या काळात ब्रिजचा, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधारानं बसवायच्या दातांचा पण विचार केला, स्वस्त पडतो आणि पंधरा दिवसात मोकळं. पण ब्रिजला बाजूचे चांगले दात घासून बारीक करायला लागतात, आणि माझी मागची अक्कलदाढ रिकामी जागा बघून पुढं कलंडलेली, तिच्यावर भार टाकायचा म्हणजे पडक्या भिंतीवर माळा चढवायचा. काढघालीची कवळी नको होती, आईची वाटीत ठेवलेली बघत मोठा झालोय. वरची दाढ पण खाली कोणी नाही म्हणून दोनेक मिलिमीटर खाली उतरली होती, ती जरा घासावी लागली. दाढ गेली तेव्हा "मागची आहे, कुणाला दिसतीय" म्हणून सोडून दिली होती, त्याचं हे व्याज.

मग थ्रीडी स्कॅन, सीबीसीटी म्हणतात. त्यात दिसलं की 2016 वाल्या जागेत हाड रुंदीला बारीक झालंय. दाढ काढली की त्या हाडाला काम राहत नाही, ते झिजत जातं आणि पहिल्या वर्षातच जास्त झिजतं. म्हणून तिथं हाडाची पावडर भरायला लागली. म्हणजे ज्यांची दाढ परवा काढलीय त्यांनी माझ्यासारखी आठ वर्षं घालवू नका, निदान एकदा दाखवून तरी ठेवा.

ऑपरेशनची तारीख नेमकी आमच्या पाण्याच्या दिवशी आली. बाहेरगावच्यांना हे कळणार नाही, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसातनं एकदा पाणी येतं आणि त्या दिवशी माणूस घर सोडत नाही. रिसेप्शनवरच्या पोरीला नुसतं "त्या दिवशी पाणी आहे ओ" म्हणलं, तिनं काही न विचारता तारीख बदलली. ह्यासाठी अर्धा स्टार जास्त.

दुखतं का हे सगळे विचारतात. इंजेक्शन दुखतं, तेवढंच. नंतर जबड्यात घरघर जाणवते, भिंतीत ड्रिल मारताना आपण पलीकडच्या खोलीत बसलोय तसं. सारखं गार पाणी सोडत होते, थुंकायला मिळत नाही म्हणून वैताग आला. नंतर विचारलं तर मॅडम म्हणाल्या ड्रिल मुद्दाम हळू फिरवतात, हाड 47 डिग्रीच्या वर मिनिटभर तापलं तरी तिथल्या पेशी मरतात आणि मग स्क्रू धरत नाही. मी म्हणलं मॅडम, बरं झालं मे महिन्यात नाही केलं, बाहेरच 44 असतं. हसल्या नाहीत, टाके घालत होत्या. टाक्यांच्या आधी बारक्या पान्यानं स्क्रू आवळला होता आणि असिस्टंटला म्हणाल्या होत्या लिही, 35. तो घट्टपणाचा आकडा. दोन्ही मिळून सव्वा तास.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त, गाल पुरीसारखा. दुकानात मालक म्हणाले काय ओ, पान लावलंय का तोंडात. दहाव्या दिवशी टाके काढले. मग नुसतं थांबायचं. खालच्या जबड्याला तीनेक महिने, वरच्याला जास्त, कारण वरचं हाड मऊ असतं. मला पावडर भरलेली म्हणून चार. टायटॅनियमला हाड आपणहून चिकटतं त्यावर हा सगळा खेळ आहे. ब्रोनेमार्क म्हणून स्वीडनचा डॉक्टर होता, 1952 च्या सुमारास तो सशाच्या हाडावर काहीतरी दुसराच प्रयोग करत होता, नंतर टायटॅनियमची नळी काढायला गेला तर ती निघेचना. त्यावरनं डोकं लावून 1965 ला पहिल्या माणसाच्या तोंडात बसवलं आणि तो माणूस 2006 ला वारला तोवर ते टिकलं. हे वेटिंगमध्ये बसून मोबाईलवर वाचलं, वेळ भरपूर होता, त्यावर येतोच.

ह्या चार महिन्यात सिद्धेश्वरची गड्डा यात्रा येऊन गेली, हुरड्याचा सीझन गेला. मित्राच्या शेतात सगळे गरम हुरडा आणि शेंगा चटणी हाणत होते आणि मी एका बाजूनं दही-गूळ. मनाला लागलं ते लागलं.

एप्रिलमध्ये हिरडी जरा कापून स्क्रूला तात्पुरती टोपी लावली, दोन आठवड्यांनी माप घेतलं, त्या गुलाबी मसाल्यानं उलटी येते की काय झालं. झिरकोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कडक सिरॅमिकच्या कॅप घेतल्या. पहिल्यांदा एक कॅप उंच बसली, चावलं की तीच आधी टेकायची. निळा कागद चावायला देऊन दोन वेळा घासली, घरी आल्यावर परत जाणवलं, परत गेलो, परत घासली, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता हिशोब. दोन स्क्रू 56 हजार, दोन कॅप 18 हजार, स्कॅन अडीच हजार, हाडाची पावडर 8 हजार. एकूण 84,500. बायको म्हणाली, "अहो, दाढा बसवताय का स्कूटर घेताय?" विमा कंपनीनं हात वर केले, दाताचं म्हणलं की कॉस्मेटिक. माझ्या तोंडात मागं कोण बघायला येतंय कॉस्मेटिक.

तक्रारी. एक, पावडरचे 8 हजार ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सांगितले, स्कॅन तर दहा दिवस आधी हातात होता, तेव्हाच सांगायचं. मी दिलेच असते पण खुर्चीत बसल्यावर माणूस घासाघीस करत नाही हे आम्हा दुकानदारांना बरोबर कळतं. दोन, अपॉइंटमेंट अकराची म्हणजे साडेबारा समजा. तीन, पहिला मजला, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी विचार करा. आणि गाडी लावायला जागा नाही, ते काय अख्ख्या सोलापुरात नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मी न मागता केली, ती तुम्ही मागून घ्या. स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर, कंपनी, साईज, लॉट नंबर, हे कार्डावर चिकटवून दिलं. उद्या दहा वर्षांनी आतला स्क्रू सैल झाला आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले असले तर नवीन डॉक्टरला त्याच कंपनीचा पाना लागतो, कोणता ते कार्डाशिवाय कसं कळणार.

चावायला कसं आहे? चांगलं. पण आपल्या दाढेसारखं नाही, हे कोणी आधी सांगत नाही. आपल्या दाताच्या मुळाला जाणीव असते, तांदळात खडा आला तर लगेच कळतं. इम्प्लांटला ती नस-गादी नाही, त्यामुळं खडा आला तर कळत नाही, नुसता टक् असा आवाज येतो कानात. पहिले आठ दिवस मी घाबरून जेवण थांबवत होतो. आणि दोन कॅपच्या मध्ये शेपू हमखास अडकते, त्याला बारका ब्रश रोज रात्री. कीड लागत नाही म्हणून घासायचं सोडलं तर हिरडी सुजून आतलं हाड जातं, म्हणून सहा महिन्यांनी दाखवायला बोलावतात.

पाचपैकी चार देतो, अर्धा पाण्याच्या दिवसाचा धरून.

वर उजवीकडं अजून एक जागा रिकामी आहे. मॅडमनी स्कॅनमध्ये दाखवलं, सायनस, म्हणजे वरच्या दाढांवरची हवेची पोकळी, खाली उतरलाय, हाड चार मिलिमीटरच उरलंय, तिथं सायनस वर उचलून हाड भरायला लागेल. खर्च सांगितला तो ऐकून घेतला आणि म्हणलं, मॅडम, दिवाळीनंतर पोरीचं लग्न आहे, तोवर तिथं शेपू अडकू दे.