स्टेअरिंग शाफ्टचे क्रॉस बदलल्यानंतर: एका पावसाळ्याचा अनुभव

गाडी म्हणजे 2009 चा ट्रक, सहा चाकी, पॉवर स्टेअरिंग, उचलायची केबिन. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला पशुखाद्य न्यायचं, येताना चिरा भरायचा. दिवाळीच्या मागेपुढे स्टेअरिंगचा मधला शाफ्ट (स्टेअरिंगकडून खालच्या स्टेअरिंग बॉक्सकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकांच्या क्रॉससकट (शाफ्टला कोनात फिरू देणारे अधिकच्या आकाराचे सांधे) बदलला. त्यावर अख्खा पावसाळा काढला, म्हणून आता लिहितोय.

सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सांभाळावी लागायची आणि चाक खड्ड्यात आपटलं की हातात 'टक' लागायचं. एका गॅरेजात "बॉक्सचा प्ले आहे", म्हणजे स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सात मोकळी चाल आहे, असं म्हणून त्याचा वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून दिला. प्ले होता तेवढाच राहिला, वर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ यायचं बंद झालं. कुंभार्लीत प्रत्येक वळणानंतर ते ओढून आणताना खांदे भरून येतात. बॉक्सला पाना लावायच्या आधी क्रॉस बघा, एवढं नक्की सांगेन.

बघायला काही लागत नाही. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकं सरळ. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे जरा जरा हलवायचं, दुसऱ्याने क्रॉसवर बोटं ठेवायची. वरचा यॉक (क्रॉस धरणारा काटा) हलला आणि खालचा जागीच राहिला, तर क्रॉस गेला. आमचा बॉक्सजवळचा गेला होता. चाकाचा सगळा चिखल त्याच्यावरच उडतो.

मिस्त्रींनी सर्कलिप (अडकवायची गोल क्लिप) काढून कप (क्रॉसच्या पायावरची बेअरिंगची टोपी) ठोकला, तर आत ग्रीसच्या जागी लाल भुकटी. निडल, म्हणजे बेअरिंगमधल्या सुईसारख्या सळ्या, निम्म्या मोडलेल्या, आणि क्रॉसच्या पायांवर निडल रुतून पडलेल्या बारीक उभ्या खाचा, नख फिरवलं की अडकेल अशा. वरचा क्रॉस ढिला नव्हता, उलट आखडला होता. नुसते क्रॉस टाकले असते तर स्वस्तात भागलं असतं, पण यॉकची भोकं मोठी झाली होती. नवा कप अंगठ्याने आत जात होता. तो दाबून बसायला हवा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय केबिन उचलताना शाफ्ट ज्या स्प्लाइनवर (दात्यांच्या सरकत्या जोडावर) लांब-आखूड होतो, तीही झिजलेली. म्हणून पूर्ण शाफ्टच घेतला. महाग पडला, पण पैसे वाया गेले असं वाटत नाही.

बसवताना मिस्त्री एका गोष्टीवर अडून बसले, ते बरं झालं. मधल्या शाफ्टचे दोन्ही टोकांचे यॉक एका रेषेत हवेत. स्प्लाइन एखादा दात चुकली तर दोन्ही क्रॉसची चाल एकमेकांना सावरत नाही आणि स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं लागतं. जुना शाफ्ट काढण्याआधी पंचाने खुणा केल्या होत्या, चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग दोरीने सीटला बांधलं होतं. यॉक शाफ्टवर आवळणारा पिंच बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे, वरवर आवळलेला चालत नाही. सोबत आलेल्या बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा 8.8 होता, जुन्यावर 10.9, म्हणजे जास्त मजबूत. आम्ही 10.9 चाच नवा आणला, नायलॉक नटही (आपोआप ढिला न होणारा) नवा.

आता प्लेचं. नियमाप्रमाणे स्टेअरिंगला 30 अंशांपर्यंत प्ले चालतो. अठरा इंची स्टेअरिंगच्या कडेवर तो जवळपास बारा सेंटिमीटर होतो! आमचा आधीचा त्याच्या आतच होता, त्यामुळे दरवर्षीच्या पासिंगला कुणी काही बोललं नाही. पण चिरा भरून घाट चढताना समोरून एसटी आली की तेवढ्यानेही पोटात गोळा यायचा. आता जेमतेम दोन बोटं उरलाय. बॉक्सचा स्क्रूही मिस्त्रींनी पूर्वीच्या जागी आणला, त्यामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येतं. माझ्याबरोबर गाडी चालवणारे नाना नवीन काही केलं की नावं ठेवतातच, या वेळी "आता गाडी ऐकती" एवढं म्हणाले.

नाराजी एकच. खालच्या क्रॉसला ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) आहे, वरच्याला नाही. वरचा सीलबंद, त्यामुळे आखडला की बदलणं एवढाच उपाय. खालच्याला पावसाळ्यात दर सर्व्हिसिंगला ग्रीस गन लावली. पहिल्यांदा सीलमधून गढूळ पाणी आलं, नंतर स्वच्छ ग्रीस. शाफ्ट केबिनच्या तळातून जातो तिथला रबरी बूट फाटला होता, तोही तेव्हाच बदलून घेतला. किंमत किरकोळ, पण पायाशी पाणी यायचं थांबलं.

उरलेला प्ले ड्रॅग लिंकच्या (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या सांध्याचा आहे, तो पुढच्या पासिंगआधी बदलणार.