कॉर्सेट घ्यावा की वेस्टकोट शिवावा?

स्टीमपंकचा, म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या व्हिक्टोरियन काळावर कल्पनेचा साज चढवणाऱ्या हौशी वेशभूषेचा, पहिला पोशाख जुळवायला बसलं की बूट, टोपी, स्कर्ट या गोष्टी हळूहळू जमत जातात. अडतं ते एकाच ठिकाणी: कमरेवर काय? कॉर्सेट, म्हणजे मागे नाड्यांनी आवळायचा ताठ पट्ट्यांचा कमरबंद, ठरला तर बाकीचा पोशाख एका वाटेने जातो, वेस्टकोट ठरला तर दुसऱ्या. मी इंग्लंडात राहते आणि दोन्ही भरपूर वापरले आहेत. ऑगस्टअखेरच्या सुट्टीत लिंकनला 'असायलम' हा स्टीमपंक महोत्सव भरतो, 2009 पासून. तिकडे पहिल्यांदा निघालेल्या मैत्रिणी दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

कॉर्सेटचं देणं आधी मान्य करू. 1870 आणि 1880 च्या दशकांतल्या बायकांच्या कपड्यांचा सगळा डौल कमरेवर उभा आहे. मागे 'बसल'चा (स्कर्टच्या आत मागच्या बाजूला बांधायची गादी किंवा सांगाडा) फुगवटा, पुढे सपाट पडणारा घेर, आणि मध्ये कमर बारीक. ती कमर नसेल तर बसल नुसताच मागे बांधलेला बोजा वाटतो. चांगला कॉर्सेट हे काम चुटकीसरशी करतो. शिवाय एक फायदा कोणी सांगत नाही: घेरदार स्कर्ट आणि पेटीकोट यांचं वजन कॉर्सेट अंगभर वाटून घेतो, त्यामुळे कमरपट्टी रुतत नाही आणि संध्याकाळपर्यंत पाठ दुखत नाही.

अर्थात हे पोलादी पट्ट्यांच्या कॉर्सेटबद्दल. प्लॅस्टिकच्या पट्ट्या अंगाच्या उबेने वाकतात आणि मग नेमक्या कुशीत टोचतात, त्यामुळे त्यांचा विचारही नको. पुढचा बस्क (समोर कॉर्सेट उघडायची-लावायची आकड्यांची पोलादी पट्टी) दणकट आहे ना आणि बाजूंना स्प्रिंगसारख्या वळणाऱ्या पट्ट्या आहेत ना, एवढं बघा. शर्टावर घालायचा असल्याने छातीखालून सुरू होणारा पुरे. नवा कॉर्सेट पहिल्याच दिवशी करकचून बांधू नका, घरात थोडा थोडा वेळ घालून अंगाशी जुळू द्या. आणि मागच्या नाड्यांची फट पूर्ण मिटलीच पाहिजे हा हट्ट सोडा. थोडी फट असणं ठीकच असतं.

आता माझा निर्णय ज्याने फिरवला ते सांगते. कॉर्सेटमध्ये खाली वाकता येत नाही.

वाचताना हे किरकोळ वाटेल. पण लिंकनचा भूगोल डोळ्यांसमोर आणा. रेल्वे स्टेशन खाली, किल्ला आणि कॅथेड्रल वर टेकाडावर, आणि मध्ये दगडी फरसबंदीचा 'स्टीप हिल' नावाचा चढ. नावाप्रमाणेच खडा. पायात घोट्याच्या वर जाणारे नाडीचे बूट. अर्ध्या चढावर एका बुटाची नाडी सुटते. एरवी आपण भिंतीला टेकून, वाकून, क्षणात बांधू. कॉर्सेटमध्ये बरगड्यांपासून कमरेखालपर्यंतचं अंग एकसंध असतं. पाठ ताठ ठेवून गुडघ्यावर बसावं लागतं, तेही बसल आणि दोन थरांचा स्कर्ट सांभाळत, आणि तरी हात बुटापर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच कॉर्सेटवाल्यांत 'बूट आधी, कॉर्सेट नंतर' असा नियम आहे. पण नाडी दुपारी सुटली तर तो नियम काय कामाचा?

आणि ते फक्त बुटांपुरतं राहत नाही. हातमोजा पडला, कोणाला तरी विनंती. फोन निसटला, पुन्हा विनंती. महोत्सवातली माणसं फार सौजन्याची, टोपी काढून, झुकून वस्तू हातात देतात. पण दिवसभर प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी दुसऱ्याचं तोंड बघायचं, हे मला मानवलं नाही. चहात बिस्किट बुडवून ते शेवटपर्यंत टिकवण्याची जी 'टी ड्युएलिंग' स्पर्धा तिथे रंगते, तिच्यात ताठ बसणं उलट शोभतं. जेवण मात्र निम्मंच जातं. कोणाला हे सगळं त्या काळाच्या अनुभवाचाच भाग वाटेल, आणि त्यात चूक नाही. मला स्वतःच्या बुटाची नाडी स्वतः बांधायची असते.

वेस्टकोटची गोष्ट वेगळी. तो विकत घ्यायचा नाही, शिवून घ्यायचा, आणि इथे आपल्या लोकांचा हात वर आहे. पुण्याची एखादी फेरी ठरली असेल तर माप, कापड, शिलाई सगळं तिथे उरकतं. मी खणाचा शिवला. खणाचा पन्हा लहान, म्हणून ब्लाउजपलीकडे त्याचा विचार कोणी करत नाही. पण वेस्टकोटची पाठ तशीही साटिनची असते, मागे आवळायला बक्कलची पट्टी असते. खण लागतो तो फक्त पुढच्या दोन भागांना. काठ उभा घेऊन बटणांच्या दोन्ही बाजूंना आणला की वेगळी लेस-पट्टी लागत नाही. हिमरूचाही देखणा होतो, पण त्याला अस्तर चांगलं हवं.

शिंपीकाकांनी माप घेता घेता विचारलं होतं, "ताई, हे जाकीट बाईमाणसाचं की पुरुषाचं?" प्रश्न अगदी नेमका होता. पुरुषी बेताचा वेस्टकोट बाईच्या अंगावर हॉटेलातल्या गणवेशासारखा दिसतो, आणि वेस्टकोटला नावं ठेवणाऱ्या बहुतेकींनी तसाच पाहिलेला असतो. म्हणून तीन गोष्टी स्पष्ट सांगा. टक ब्लाउजसारखे अंगाबरोबर घ्या. पुढच्या भागांत कॅनव्हास घाला. आणि लांबी कमरेच्या खाली टोकदार उतरू द्या, नाहीतर हात वर केला की स्कर्ट आणि वेस्टकोट यांच्यामधून शर्ट डोकावतो. चौथी गोष्ट माझ्या आवडीची: खिसे खरे ठेवायला सांगा. सांगितलं नाही तर नुसती खिशाची पट्टी लावून मोकळे होतात. खऱ्या खिशात घड्याळ राहतं, साखळीचा आडवा दांडा काजात अडकतो, आणि साखळी पोटावर छान झोका घेते. कॉर्सेटवर साखळी लावली तर ती शोभेलाच उरते, कारण घड्याळ ठेवायला जागाच नाही.

कमर दिसण्याचं काय? खोटं बोलणार नाही, कॉर्सेटएवढी दिसत नाही. वेस्टकोटवर चामड्याचा रुंद पट्टा आवळून बांधला की बरंच साधतं, आणि तो पट्टा जेवताना एक भोक सैल करता येतो. बसल मात्र लहान ठेवावा लागतो. मोठ्या बसलला वेस्टकोट पुरा पडत नाही.

साडीवर घालायचं मनात असेल तर वेस्टकोटचं पारडं मला आणखी जड वाटतं. नऊवारीवर कॉर्सेट घालणाऱ्या आहेत आणि ठसठशीत दिसतातही, पण ओचा आत दाबून जातो आणि पदर वरून घ्यावा की खालून, हे काही केल्या सुटत नाही. विलायती बायका बसल मिरवत होत्या, त्याच 1885 साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकी शिकत होत्या, आणि त्यांच्या तिथल्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या साडीत आहेत. तेव्हा वाफेच्या युगातली आपली बाई उभी करायला परका झगाच हवा असं मुळीच नाही. साहेबाची सोला टोपी मात्र मी घालत नाही. ती टोपी आपल्याकडे कोण घालून फिरत होतं, ते मला विसरता येत नाही.

बाकीच्या वस्तू दोन्ही वाटांना चालतात. कमरेला लटकवायला त्या काळच्या इंग्रज बायका शॅटलेन वापरत, कात्री, किल्ल्या, सुईचं घर अडकवलेला आकडा. आपल्या आजीचा चांदीचा छल्ला तेच काम करतो आणि खरा जुना असतो. पितळ-तांब्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. मठार मारलेल्या, म्हणजे हातोडीने ठोके उठवलेल्या, तांब्याचा मनगटपट्टा बनवून मिळाला तर त्याच्यापुढे सोनेरी रंग दिलेलं प्लॅस्टिक टिकत नाही. जुन्या बाजारात बंद पडलेली घड्याळं शोधा, पण त्यांची चक्रं टोपीवर नुसती चिकटवू नका. दात दातात बसलेले असू द्या, काहीतरी फिरत असल्यासारखं वाटू द्या. बघणाऱ्यांचं लक्ष तिथेच जातं.

तर, फोटो काढायचे आहेत, सोबत मदतीला कोणी आहे, मोठा बसल घालायची हौस आहे, तर कॉर्सेट घ्या, पोलादी घ्या, आणि बूट आधी चढवा. सकाळी घातलेला पोशाख संध्याकाळच्या गाडीत बसेपर्यंत अंगावर ठेवायचा असेल आणि मध्ये तो चढ चढायचा असेल, तर मी तरी वेस्टकोटच सुचवेन. लिंकनसाठी हवा असेल तर जूनमध्येच शिवायला टाका. श्रावण लागला की शिंप्याकडे ब्लाउजांची रीघ लागते आणि तुमचं जाकीट मागे पडतं.