दहा सेंटांचा बॅटमन घ्या, फुकटातली जस्टिस लीग राहू द्या

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतल्या दुकानांत कॉमिक फुकट वाटतात, २००२ पासूनची प्रथा. हेतू एकच, नवीन वाचक ओढायचा. त्याच हेतूचे माझ्या संग्रहातले दोन अंक, एक फुकटातला नि एक दहा सेंटांचा, भाच्याच्या हातात दिले. त्याला सुपरहिरो फक्त सिनेमातले ठाऊक.

बॅटमनचे प्रकाशक डीसी यांचा २०१२चा फुकट अंक, त्यांच्या नव्याने सुरू केलेल्या ‘न्यू ५२’ मालिकांचा. पँडोरा, फँटम स्ट्रेंजर, क्वेश्चन या तीन पात्रांना शिक्षा फर्मावली जाते, मग पान उलगडलं की चित्रकार जिम लीने काढलेली जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टीमची आपसातलीच हाणामारी. चित्र झकास, वादच नाही. पण कोण कुणाला का बडवतंय? ते कळायला २०१३च्या ‘ट्रिनिटी वॉर’ या कथेपर्यंत थांबा! बाकी पानांवर येणाऱ्या मालिकांचे तुकडे. "आत्या, हे एकाच टीमचे ना?" एवढं विचारून भाच्याने अंक बाजूला सारला.

२००२चा दहा सेंटांचा बॅटमन कितीतरी सरस. ब्रूस वेनची, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमनची, अंगरक्षक साशा गोष्ट सांगते, त्यामुळे नवख्याला सगळं ओघात कळतं, आणि शेवटी घरात मृतदेह! पोराने एका बैठकीत फडशा पाडला. पुढची कथा मात्र बॅटमनच्या बऱ्याच मालिकांत विखुरलेली, तिथे खिसा चांगलाच हलका होतो. तरी जुन्या अंकांच्या खोक्यात दिसला तर डोळे झाकून उचला.